ओव्यांची उतरंड

"एका लेकराला पाच आया असतील, तर त्याला निजवायचं कुणाच्या कुशीत?" चौबळ मास्तरांनी विचारलं.

विजयाबाई गवार मोडत होत्या. त्यांचा हात थांबला. "कुणाचं लेकरू? कुणाच्या घरी झालं काय?"

"लेकरू कुठलं! ओवी गं, पुतळाबाईची ओवी!"

विजयाबाईंनी पुन्हा गवार हातात घेतली. गेले पंधरा दिवस घरात हेच चाललं होतं.

मास्तर मूळचे चिपळूणकडचे. सिल्वासात मराठी शिकवायला आले आणि तिथल्या आमली भागातल्या चाळींतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करू लागले. कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या बायका, त्यांच्या सासवा, पाहुण्या आलेल्या नणंदा, कुणालाही त्यांनी सोडलं नव्हतं. एक ओवी, एक चिठ्ठी. तेरा वर्षांत तीनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. त्या बिस्किटांच्या डब्यांत होत्या. डब्यात पाकिटं, पाकिटात लहान पाकिटं. 'नाती'च्या डब्यात 'माहेर', माहेरात 'भाऊ', भावाच्या पोटात 'भावजय', आणि भावजयीच्या पोटात, सगळ्यात लहान पाकिटात, 'कंजूषपणा'.

या सगळ्याचा प्रबंध व्हायचा होता. मार्गदर्शक डॉक्टर सबनीस मुंबईचे. त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं : 'दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो. आराखडा तयार ठेवा. त्या महिनाअखेर मी निवृत्त होत आहे. सही झाली नाही, तर तुमची नोंदणी रद्द होईल.' ही चौथी मुदत होती. पाचवी नव्हती.

नेमक्या त्याच वेळी जवळच्या राखोलीच्या एका कारखान्यानं नवा संगणक घेतला आणि जुना मास्तरांच्या एका माजी विद्यार्थ्यानं त्यांच्या घरी आणून ठेवला. गुरुदक्षिणा. त्या संगणकाच्या पोटात काहीच राहत नसे. जे काही, ते पाटीएवढ्या काळ्या, लवचिक फ्लॉपीवर. मराठी अक्षरं त्याला येत नव्हती, त्यामुळे पुतळाबाईची ओवी इंग्रजी लिपीचा झगा घालून पडद्यावर उभी राहायची.

आमलीत संगणकाचा क्लास चालवणाऱ्या मनीषानं तीन फ्लॉप्या दिल्या. "सर, मुद्द्याच्या पोटात मुद्दा, त्याच्या पोटात मुद्दा, असं मांडायची ही तीन सॉफ्टवेअर आहेत. तिन्ही ट्राय करा. जे बराबर वाटेल ते ठेवा. टेन्शन नका लेऊ."

मास्तरांनी शेवटचं तेवढं सोडून बाकी सगळं केलं.

पहिलं सॉफ्टवेअर चार पायऱ्या उतरलं आणि अडून बसलं. 'कंजूषपणा' ही पाचवी पायरी होती. "म्हणजे यांच्या देशात भावजया कंजूष नसतातच की काय?" मास्तर ओरडले. त्यांनी 'कंजूषपणा' काढून टाकून पाहिला. पण मग भावजयीत काही उरेना.

दुसरं कितीही खोल जायचं. मास्तरांनी पाच दिवस बसून दोनशे ओव्यांच्या पहिल्या ओळी त्यात भरल्या. सहाव्या दिवशी सकाळी उघडून बघतात तर पडद्यावर एकच शब्द : 'नाती'. बाकी सगळं गायब. मास्तरांनी चहा टाकून दिला आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. नव्वद ओव्या भरल्यावर मनीषा आली.

"सर, हे डबल डबल का लिवलंय?"

"पहिलं गेलं ना सगळं!"

"गेलं नाही सर, घडी झालीय. ते अधिकचं चिन्ह दिसतं ना? ते दाबलं की उलगडतं."

तिनं दाबलं. दोनशे ओव्या लुगड्याच्या घडीसारख्या भराभर उलगडल्या, आणि त्यांच्या खाली नव्वद जुळ्या बहिणी उभ्या होत्या.

"जे सॉफ्टवेअर न विचारता घडी करून कपाटात ठेवतं," मास्तर म्हणाले, "त्याच्याशी मी संसार करू शकत नाही."

"मी करतेय की बावीस वर्षं," विजयाबाई आतून म्हणाल्या. "तुमचे सदरे कोण ठेवतं कपाटात?"

तिसरं गुणी होतं. पायऱ्या कितीही, घडी विचारून. पण एका ओवीला एकच जागा. आणि इथेच ती पाच आयांची भानगड उपटली. पुतळाबाईची ओवी अशी होती :

दमणगंगेच्या काठाला भाऊ मांडितो दुकान
मी ग मागितला खण, भावजय झाकी कान

"आता ही नदीत घालू, भावात घालू, दुकानात, खणात, की भावजयीत?"

"पुतळाबाईलाच विचारा की," विजयाबाई म्हणाल्या.

पुतळाबाई नंदुरबारकडची. नवरा सूत कारखान्यात, ती चार घरची धुणीभांडी करायची. तिनं ओटा पुसता पुसता एवढंच विचारलं, "मास्तर, मनी ओवी ग्रंथमां येई ना?"

"येईल गं. पण कुठे येईल, तेच ठरत नाहीये."

"कोठे बी टाका. ती आपली आपण जागा करी लेस."

असली उत्तरं प्रबंधात चालत नाहीत. मास्तरांनी परीक्षेच्या कोऱ्या पुरवणीवर तिन्ही सॉफ्टवेअरचा तुलनातक्ता आखला. रकाने : पायऱ्या किती, घडी कशी, एका लेकराला आया किती, दोष. मग दोषांचे पोटदोष निघाले, पोटदोषांना अपवाद निघाले, आणि तक्ता तिसऱ्या पुरवणीवर गेला.

"या तक्त्यालाच एक सॉफ्टवेअर लागेल तुमच्या," विजयाबाई म्हणाल्या.

शेवटी खंडेनवमीच्या दिवशी मास्तरांनी तिसऱ्यावर शिक्कामोर्तब केलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा ओव्या त्यात बसल्या आणि एका कोऱ्या फ्लॉपीवर उतरल्या. सावधगिरी म्हणून त्यांनी दुसऱ्या एका फ्लॉपीवर नक्कलही करून ठेवली. मग ते अंगणात येऊन, लग्न उरकलेल्या वधूपित्यासारखे, हात झटकून म्हणाले, "झालं! आता ते डबे तू घे."

तेरा वर्षं विजयाबाई त्या डब्यांकडे डोळे लावून होत्या. त्यांनी तासाभरात सगळे डबे रिकामे केले, घासले, उन्हात पालथे घातले. चिठ्ठ्या उशीच्या एका अभ्र्यात भरल्या. पाकिटं बंबात गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. विजयाबाईंनी पाटावर विळी मांडली, शिलाईयंत्राला झेंडूची माळ घातली, मास्तरांचं पेन ठेवलं, आणि यंदा घरात आलेलं नवं हत्यारही पुजलं.

दुपारी मास्तरांनी फ्लॉपी आत सरकवली. आतून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज आला आणि पडदा म्हणाला की वाचता येत नाही. दुसऱ्या फ्लॉपीला तर आवाजही आला नाही.

मनीषा सोनं द्यायला म्हणून आली होती. तिनं आपट्याची पानं बाजूला ठेवून फ्लॉपी उजेडात धरली. "सर... हिला कुंकू कोणी लावलं?"

काळ्या चौकोनाच्या मधोमध जी चिंचोळी उघडी फट असते, जिथे बोटसुद्धा लावायचं नसतं, तिथे ओल्या हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं उमटली होती. वर दोन अक्षता.

"अहो, बाकी सगळं झाकलेलं होतं," विजयाबाई म्हणाल्या. "तेवढीच जागा उघडी. कपाळासारखी."

"आणि नकलेला?" मास्तरांनी दुसरी फ्लॉपी उचलली.

"तिलाही लावलं. पाच होत्या, पाचही पुजल्या. पूजेत दुजाभाव कसा करायचा?"

मनीषानं यंत्राच्या तोंडात डोकावून पाहिलं. "सर, आत पण कुंकू गेलंय. आता हे सुरतेला न्यावं लागेल. दहा-बारा दिवस तर पक्के."

रविवार तीन दिवसांवर होता. मास्तर बायकोला एक शब्द बोलले नाहीत. बोलायला हवे होते, असं विजयाबाईंना पुढचे तीन दिवस वाटत राहिलं. ते चिठ्ठी काढायचे, वाचायचे, ठेवायला पाकीट शोधायचे आणि पुन्हा अभ्र्यात टाकायचे.

रविवारी सकाळी विजयाबाईंनीच पदर खोचला. ओसरीवर चिठ्ठ्या पसरल्या आणि पुतळाबाईला हाताला धरून बसवलं. "सगळ्या चाळीच्या ओव्या तुझ्या तोंडी. मी पहिली ओळ वाचते. हिच्यामागून कुठली येते, ते तू सांग."

पुतळाबाईला वाचता येत नव्हतं. आणि नुसतं बसून तिला आठवतही नव्हतं. "हात फिरना पाहिजे वहिनी, त्याबिगर नई येत." जातं घरात नव्हतं. तिनं घासलेल्या डब्याचं झाकण पालथं घातलं आणि ते गरागरा फिरवत सूर धरला. झाकण फिरलं, तशा ओव्या आल्या. विजयाबाई चिठ्ठी शोधायच्या, सुईनं दोऱ्यात घालायच्या. 'भावजय झाकी कान' गाऊन पुतळाबाई श्वासही न घेता पुढे गेली :

झाकलेल्या कानामंदी माझ्या आईची ग कुडी
मला बघून हालली, तिला ओळख ग थोडी

दारात उभे असलेले मास्तर एकदम खाली बसले. ही चिठ्ठी तेरा वर्षं 'दागिने'च्या डब्यात होती. आणि ती भावजय 'कंजूषपणा'त.

"विजया," ते हळूच म्हणाले, "ती कंजूष नव्हती गं. कान झाकला तो कुडी दिसू नये म्हणून."

"ते कुठल्याही बाईला कळलं असतं," विजयाबाई म्हणाल्या. "सुईत दोरा घालून द्या."

दुपारी सबनीस आले तेव्हा पासष्ट चिठ्ठ्यांची माळ ओसरीच्या खांबापर्यंत पोचली होती. सबनीसांनी मध्येच विचारलं, "बाई, एकोणचाळिसावी काय होती?" झाकण थांबलं. पुतळाबाईनं कपाळावर हात मारला, झाकण पुन्हा फिरवलं आणि पहिलीपासून सुरुवात केली. सबनीसांना एकोणचाळिसावीपर्यंत ताटकळत बसावं लागलं. चाळिसावीला ते उठले नाहीत. पासष्टावीला त्यांनी चष्मा पुसला.

"आराखडा?" मग त्यांनी विचारलं.

मास्तरांकडे कागदावर एकच गोष्ट होती, तो तुलनातक्ता. तो त्यांनी खाली मान घालून पुढे केला. सकाळी माळ बघता बघता त्यांनी त्यात एक रांग वाढवली होती : 'क्र. ४ : पुतळाबाई. पायऱ्या : मोजता येत नाहीत. घडी : होत नाही. एका लेकराला आया : हव्या तितक्या. दोष : मधूनच सुरू होत नाही.'

सबनीसांनी तिन्ही पुरवण्या शांतपणे वाचल्या. पेन काढलं, तळाशी लिहिलं : 'क्र. ४ घ्यावा. ओव्यांचा क्रम गाणारणीचाच ठेवावा. आराखडा मंजूर.' आणि खाली सही केली.

विजयाबाईंना एक सुचलं. त्या लगबगीनं आत गेल्या, खण-नारळ आणि करंडा घेऊन आल्या, आणि भरल्या डोळ्यांनी कुंकवाचं बोट पुतळाबाईच्या कपाळाकडे नेलं.

पुतळाबाई झटकन मागे सरली. झाकणासकट.

"खण द्या वहिनी, नारळ द्या," ती म्हणाली. "कुंकू आज नको. दोनशेवर ओव्या बाकी. मी बी बंद पडी गऊ, तर मास्तर माले सुरतले धाडतीन!"