हो म्हटलेला चहा

तायडेसाहेबांसोबत चहा प्यायचा, तर आधी सगळ्यांचा होकार लागायचा. सगळ्यांचा म्हणजे सगळ्यांचा. दिग्रसजवळच्या आमच्या कापूस संकलन केंद्राबाहेर पांडूभाऊंची टपरी होती. आम्ही चौघं बाकावर टेकलो, की साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारत, "तुमी घेता?" स्वतःचा धरून चारही होकार पदरात पडले, की मगच पांडूभाऊंकडे वळून म्हणत, "टाका चार." एकानंही नको म्हटलं, की चहा रद्द. उरलेल्यांचे घसे कोरडे पडले असले तरी रद्द.

"सारं, नाही तं काहीच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा त्या केंद्रावर ग्रेडर होतो. मूठभर कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगणं हे माझं काम, आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढणं हा छंद. मी आधी हो म्हणायचो आणि साहेब पांडूभाऊंकडे वळले, की हळूच म्हणायचो, "राहू द्या, मले नको." त्यांचा चेहरा खरोखर उतरायचा. "गावंडे," ते म्हणायचे, "नाही म्हणाचं असन तं पह्यलेच म्हणत जा. एकदा हो म्हटल्यावर माणसाले मागं फिरता येत नाही." बाकीचे दोघे मला शिव्या घालायचे आणि मला मजा वाटायची.

तायडेसाहेब म्हणजे आमच्या केंद्राचे कॉम्प्युटरवाले. पन्नाशीकडे झुकलेले, सडाफटिंग, कायम इस्त्रीच्या शर्टात. बूट घालताना कोणी हाक मारली, तर घातलेला एक बूटही काढून ठेवत आणि मग ओ देत. एका पायात बूट घालून बोलणं त्यांना जमायचं नाही. घरातून निघताना कुलूप, गॅस, नळ यातलं एक जरी बघायचं राहिलं, तर पुन्हा पहिल्यापासून तिन्ही बघायचे. असा माणूस एखाद्या बायकोनं कसा सोसला असता, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो.

पण त्यांचं काम पाहिलं, की जीभ आवरायची. कापसाचे ते दिवस फार वाईट होते. खरेदी उद्या बंद होणार, अशी अफवा रोज सकाळी ताजी निघायची. फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची आणि माणसं तीन-तीन दिवस बंडीखाली झोपायची. अशा रांगेत नंबराइतकी मोलाची चीज दुसरी नव्हती. नंबर हुकला, की भरली बंडी घेऊन गावी परत जायचं आणि पुढच्या हप्त्यात पुन्हा शेवटी उभं राहायचं. तोवर पाऊस आला, की कापूस गेला.

हा नंबर तीन ठिकाणी लिहिला जायचा: फाटकावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, वजनकाट्याच्या मशीनमध्ये आणि यवतमाळच्या मोठ्या सर्व्हरवर. तिघांच्या तीन तऱ्हा. फाटकावरच्या डेटाबेसला लिहिलेलं खोडता यायचं, पण तो होता म्हाताऱ्यासारखा सुस्त. काट्यावर नुसती एक साधी फाईल होती. तिला एकदा लिहिलं, की पुसणं ठाऊक नव्हतं. यवतमाळचा सर्व्हर नवा, कडक, आणि शेवटचा शब्द त्याचा. त्यात लोडशेडिंग. लिहिता लिहिता वीज गेली, की नंबर फाटकावर आहे आणि काट्यावर नाही. मग माणूस आत यायचा आणि काटेवाला त्याला बाहेर काढायचा. रोज एक तरी भांडण ठरलेलं.

साहेबांनी या तिघांना एका वळणावर आणलं. यवतमाळ आधी दोघांना विचारायचं, "तयार आहात?" दोघांनी हो म्हटलं, की मगच हुकूम सुटायचा, "लिहा." काट्याच्या फाईलसाठी त्यांनी वेगळी युक्ती केली. आधी पाटीवर लिहावं तसं कच्चं लिहायचं आणि हुकूम आल्यावरच वहीत, म्हणजे त्या फाईलमध्ये, उतरवायचं. सगळं झाल्यावर त्यांनी आम्हाला गोळा केलं, नंबर टाकायला लावले आणि मध्येच मशीनची वायर उपटली. एकदा नाही, दिवसभर. वायर पुन्हा जोडली, की दर वेळी नंबर एक तर तिन्हीकडे सापडायचा, नाही तर एकीकडेही नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तोंडाचा आ मिटेना. मी त्या दिवशी मनातल्या मनात या माणसाला हात जोडले.

मग एक सकाळ अशी आली, की रस्ता खोदणाऱ्यांनी यवतमाळशी जोडणारी टेलिफोनची केबल तोडली. त्या घडीला अडतीस बंड्यांचे नंबर मधोमध होते. फाटक हो म्हणून बसलं होतं, काटा हो म्हणून बसला होता, आणि यवतमाळनं "लिहा" म्हटलं की "खोडा" म्हटलं, हे कळायला मार्ग नव्हता. फोन बंद. मोबाइल तेव्हा गावात कोणाकडे नव्हते.

केंद्राचे मॅनेजर म्हणाले, "खोडा सारे. उद्या नवीन नंबर देऊ."

"अन् तिकडं लिहिले असतीन तं?" साहेब म्हणाले. "मशीन म्हणन, याचा नंबर होऊन गेला. या मोसमात त्याले दुसरा भेटत नाही."

"मग लिहिले समजा."

"अन् तिकडं खोडले असतीन तं? तेच नंबर दुसऱ्याले जातीन. फाटकावर डोकी फुटतीन."

रांगेतली जनाबाई नावाची एक म्हातारी हे ऐकत उभी होती. चौथा दिवस होता तिचा. लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले. ती साहेबांना म्हणाली, "बाप्पा, तुमच्या मशीनीनं मले हो म्हटलं. मी हो धरून बसली. आता काय करू सांगा. घरी जाऊ का बसू?"

साहेबांनी अडतीस नंबर कागदावर उतरवले. मग मॅनेजरला म्हणाले, "मी येईस्तोवर कोनी हात लावू नका." आणि तडक स्टँडवर जाऊन यवतमाळची एस. टी. पकडली.

उन्हं कलताना ते परत आले. अंगभर धूळ, हातात तोच कागद. एकतीस नंबर तिकडे लिहिले गेले होते, सात नव्हते. म्हणजे सगळे खोडले असते तरी चुकलं असतं आणि सगळे धरले असते तरी चुकलं असतं. साहेबांनी रांगेपाशी उभं राहून एकेक नंबर वाचला. ज्या सातजणांचे नव्हते, त्यांना तिथेच सांगून नव्या नंबरांत सगळ्यांत पुढे घेतलं. जनाबाईचा नंबर लागला होता. ती बंडीकडे गेली आणि बैलाच्या मानेवर हात फिरवून बंडी जुंपायला लागली.

आम्ही टपरीवर आलो. दोघंच. मी म्हणालो, "साहेब, एवढं कायले? एखाद-दोन दिवसांत केबल जोडलीच असती. निरोप आला असता."

ते बाकाच्या लाकडावर बोट फिरवत राहिले.

"माह्या लग्नाचं बोलणं मामानं चालवलं होतं," ते म्हणाले. "मुलगी नेरची. मामानं माहा हो घेतला. मंग नेरले जाऊन तिचा घेतला. आता फक्त पक्कं झालं म्हणून दोघाईले सांगाचं राह्यलं होतं. परत येताना दारव्ह्याच्या स्टँडवर मामा बसल्या जागी गेला."

त्यांनी हातातला कागद बाकावर ठेवून सरळ केला.

"घरात सुतक. कोनी विचारलं नाही. मी म्हटलं, त्याईचा नाही असन. ते म्हणत, पोराचा नाही असन. दीड वर्ष वाट पाह्यली म्हणे तिनं, मंग दुसरीकडे दिली. हे मले कवा समजलं? तिचा भाऊ याच फाटकावर कापूस घेऊन आलता, तवा. तवरी बारा वर्षं झालती." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी हो म्हणून बसून राह्यलो, गावंडे. नेरची गाडी दर तासाले होती."

समोर काट्यावर एकेक बंडी चढत होती. पांडूभाऊ फडक्यानं पातेलं पुसत आमच्याकडे बघत होते. थोड्या वेळानं साहेबांनी मान वर केली आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "तुमी घेता?"

"हो," मी म्हणालो.

ते पांडूभाऊंकडे वळले, मग जरा थांबले. मी खोडी काढतो की काय, म्हणून वाट बघत असावेत. त्या दिवशी मला चहा खरोखरच नको होता.

"टाका दोन," ते म्हणाले.

चहा आला आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.