ठोंबरेकाकांचा परवा

आमच्या ठोंबरेकाकांसमोर 'परवा' म्हणायची सोय नाही. तुम्ही सहज म्हणता, "काका, परवा येते हं तुमच्याकडे," की काका हातातलं काम टाकून विचारणार, "गेलेला का येनारा?" आता 'येते' म्हटल्यावर येणाराच की! पण नाही. "तारीख बोल गं. परवा दोन हायत."

एकदा भाजीवालीनं विचारलं, "परवाची मेथी कशी व्हती?" काकांनी तिलाही सोडलं नाही. ती म्हणाली, "येनाऱ्या परवाची तुमी आजच खाल्लीत का?" त्यानंतर दोन दिवस तिनं काकांना वांग्यांवरच ठेवलं.

कर्जतच्या भिसेगावात आमची दारं समोरासमोर. काकांचा जन्म गेला डोंगराखालच्या वीजघरात, पाळ्या करण्यात. प्रत्येक यंत्राला पाटी हवी, ही सवय रिटायर होताना घरी घेऊन आले. बेलखाली चिठ्ठी आहे : 'एकदाच दाबावी. आतून "आलो" ऐकू आल्यास पुन्हा दाबू नये. ऐकू न आल्यास लाईट गेली आहे, कडी वाजवावी.' स्विचबोर्डावर : 'हा दिव्याचा. हा पंख्याचा. हा कशाचाच नाही. दाबल्यास घाबरू नये.'

मी हसायचे. आणि गंमत म्हणजे, पोटासाठी मीही हेच करते. एआय एजंटसाठी टूलची माहिती लिहिते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते दचकलेच. "एजंट? जमिनीचा का?" कर्जतमध्ये एजंट म्हटलं की माणूस आधी सातबारा लपवतो. मी समजावलं, "नाही हो. कॉम्प्युटरच तुमच्या वतीनं कामं उरकतो. बुकिंग करणं, रद्द करणं, ही त्याची हत्यारं. कुठलं हत्यार कशाला, ते मी लिहून देते."

"मंग नीट लिव," काका म्हणाले.

मी कुठली लिहितेय! लोधिवलीच्या एका फार्महाऊसच्या मॅनेजरनं एजंटला मेसेज टाकला, 'परवाचं बुकिंग रद्द कर.' त्याला म्हणायचं होतं होऊन गेलेला परवा, ज्या दिवशी पाहुणे आलेच नव्हते. एजंटनं येणारा परवा उडवला. त्या दिवशी तिथे साखरपुडा होता! नवरीच्या मामांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

रडकुंडीला येऊन काकांकडे गेले. मी लिहिलेली माहिती त्यांनी चष्मा लावून वाचली. दोनच शब्द होते : 'बुकिंग रद्द.'

"कंदीचं? कुनाचं? रद्द केल्यावर परत फिरवता येतं का? शंका आली तर इचारायचं कुनाला? काय लिवलंयस काय हे!"

"अहो काका, तो हुशार आहे. समजून घेतो."

"हुशार हाय त्याचीच भीती. येडा थांबतो, हुशार अंदाज करतो."

मग काका सांगत गेले, मी लिहीत गेले. आज तो एजंट 'परवा' दिसला की थांबतो आणि अदबीनं विचारतो, 'गेलेला की येणारा?' कंपनीत माझं कौतुक झालं. मी पेढे घेऊन गेले, तर काका डॉक्टरला फोनवर थापा मारत होते.

काकांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि तीनदा त्यांनी तारीख चुकवली होती. कारण काकू. अलीकडे काकूंना काही आठवत नाही, घरात एकटं ठेवता येत नाही. "मी बघते की," म्हटलं, तर काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं. दोन शब्दांत माहिती लिहिणारी बाई! मला रागच आला.

"लिवून देतो. मंगच जातो," ते म्हणाले.

लिहायला तीन आठवडे लागले. डॉक्टर ओरडले, मी ओरडले. शेवटी वही माझ्या हातात देऊन काका हॉस्पिटलात गेले. 'चहा दोनदा मागेल. दुसऱ्यांदा अर्धा कप द्यावा. "आत्ताच झाला ना" म्हणू नये, ओशाळते.' 'मला शोधू लागल्यास माझी टोपी खुंटीवर दाखवावी. टोपी आहे म्हणजे मी लांब गेलेलो नाही.' (टोपी मुद्दाम ठेवून गेले होते.)

शेवटच्या पानावर एकच नोंद होती. ' "सुहास कधी येणार?" असे विचारल्यास "परवा" म्हणावे. तारीख सांगू नये.'

सुहास म्हणजे त्यांचा मुलगा. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्याचा हार घातलेला फोटो काकांनी मागे एकदा गुपचूप माझ्या कपाटात ठेवायला दिला होता. का, ते मला त्या पानावर कळलं. वही मिटली आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी विचारलंच. मी म्हटलं, "परवा."

"हाय काय! मंग तांदूळ भिजत घालाया पायजेत. त्याला घावनं लागतात," म्हणत काकू खुशीत स्वयंपाकघरात गेल्या.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून काकांचा फोन. ऑपरेशन ठीक झालं होतं, आवाज बारीक होता.

"इचारलं का तिनं?"

"हो."

"मंग?"

"परवा म्हटलं."

गेलेला का येणारा, काकांनी विचारलं नाही. मग खाकरून म्हणाले, "तांदूळ खालच्या डब्यात हायत. चिठ्ठी लावलीय."