पहिल्या क्रमांकाचं तळं

कुणी काहीही म्हणो, तो लेख मी मागे घेणार नाही. (मागे घ्यावा असा घरात एकमताने ठराव झाला आहे. ते एक मत बायकोचं.)

सुरुवात साधी होती. एकतीस वर्षं मी पालिकेची लफडी बाहेर काढतोय. ऑफिसात मला ‘खुलासा’ म्हणतात, कारण शिपायाने चहा गार आणला तरी मी खुलासा मागतो. अशा माणसाला पुरवणीच्या संपादकबाई (वय माझ्या नोकरीपेक्षा कमी) म्हणाल्या, “सर, समुद्र लांब आणि उन्हाळा जवळ. शहराजवळच्या नदी-तळ्यांचे पाच चांगले काठ निवडून द्या ना. क्रमवारीसकट.”

दुसरा कुणी खुर्चीत बसून पाच नावं ठोकून मोकळा झाला असता. मी ठरवलं, प्रत्येक काठ स्वतः बघायचा, आणि तोही न कळवता. वही, थर्मामीटर आणि मोजपट्टी घेऊन मी निघालो. नदीकाठ सपशेल नापास झाला: सावली नाही, वास भरपूर, पाणी घोट्याएवढं. तिथल्या जीवरक्षकाला विचारलं, “शेवटचं कुणाला वाचवलंत?” तो म्हणाला, “इथे बुडायचं तर आडवं पडावं लागतं, साहेब.” पाचवा क्रमांक. तीन तळी बरी निघाली. पहिल्या क्रमांकाला शोभेल असं मात्र काही मिळेना.

मग नकाशावर जुन्या पंपघरामागे एक निळा ठिपका दिसला. रविवारी सकाळी सात वाजता धडकलो. बारीक वाळू, झाडांची सावली, तळ दिसेल असं पाणी. आणि पाण्यात मधोमध, पाठीवर तरंगणारी एक बाई.

“बाई, पाण्याची खोली किती असेल?” मी काठावरून ओरडलो.

बाईंनी मान वळवली. ती माझी बायको होती.

“तू? तू तर व्यायामाच्या क्लासला जातेस ना?”

“हा व्यायामच आहे. आणि दोन वर्षं मी दर रविवारी ओल्या केसांनी घरी येतेय. शोधपत्रकार ना तुम्ही?”

(वाचकहो, घोटाळा घरात असेल तर माणूस गाफील राहतो. यावर मी अधिक खुलासा करणार नाही.)

बायको दातांची डॉक्टर आहे. काठावर येऊन टॉवेल गुंडाळत ती म्हणाली, “सहा दिवस मी लोकांच्या तोंडात असते. आठवड्यातून एक सकाळ अशी हवी, की समोर कुणाचंही तोंड उघडं नसावं.”

“मला सांगायचंस तरी!”

“कुणाचंही म्हणजे तुमचंही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही छापलं असतंत.”

“मी घरातलं कधी छापलंय?”

“माझ्या मावशीच्या घटस्फोटावर दोन भागांत लेख लिहिला होतात.”

“नावं बदलली होती!”

“पत्ता तोच ठेवला होतात.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “अहो, एवढं एक राहू द्या. मी आजवर काही मागितलं का तुमच्याकडे?”

खोटं कशाला सांगू, मी विरघळलो. पण सोमवारी टेबलाशी बसलो आणि पेन काही खोटं लिहीना. संपादकबाईसुद्धा म्हणाल्या, “सर, चारच काठ द्या. घरात भांडण नको.” हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. बिल्डरच्या गुंडांना न भ्यालेला माणूस बायकोला भिऊन बातमी दाबणार? वाचकांचा हक्क म्हणून काही आहे की नाही? छापलं. पहिला क्रमांक, रस्त्याच्या नकाशासह, चौकटीत. नदीखाली ठळक ओळ टाकली: ‘इथे चुकूनही जाऊ नका.’

लेख दिल्याचं घरी सांगितलं, तेव्हापासून आठवडाभर बायको माझ्याशी बोलली नाही. शनिवारच्या पुरवणीत लेख आला आणि रविवारी तिने पहाटे गाडी काढली. “शेवटचं एकदा पोहून घेते,” एवढंच म्हणाली. गर्दीत तिला गाडी लावायला जागा मिळावी म्हणून मीही बरोबर गेलो. (खरं तर मला गर्दी मोजायची होती.)

नदीच्या फाट्यावर हीऽ गाड्यांची रांग. माणसं दुथडी भरून वाहत होती.

“चुकूनही जाऊ नका म्हटलं होतं ना मी?” मी काच खाली करून ओरडलो. कुणी ढुंकून बघेल तर शपथ.

तळ्यावर एक बगळा होता. आठ वाजले, नऊ वाजले. बगळाही कंटाळून उडून गेला. बायको पाण्यात पाठीवर पडून हसत होती. इतकं, की तिच्या नाकात पाणी गेलं.

“लोक उशिरा उठतात रविवारी,” मी ठणकावून सांगितलं.

साडेनऊला एक गाडी आली! आत बाप, आई, दोन पोरं, हवा भरलेलं रबरी बदक. मी धावतच गेलो. “या, या! लेख वाचून आलात ना?”

“कुठला लेख?” बापाने विचारलं. “रस्ता चुकलो हो. नदीवर जायचं होतं.”

मी मुकाट्याने खिशातून वही काढली आणि रस्ता काढून द्यायला लागलो. तेवढ्यात पाण्यातून हाक आली.

“अहो, तोंडी सांगा त्यांना! तुम्ही लिहून दिलंत तर पोचायचे नाहीत.”