सोवळेबुवांचा ड्रायव्हर

"आजपासून हा लॅपटॉप शंभर टक्के मुक्त!" सोवळेबुवांनी सकाळी नऊला जाहीर केलं.

ज्या सॉफ्टवेअरचा कोड चारचौघांना वाचता येत नाही, त्याला शिवायचंसुद्धा नाही, हा त्यांचा बाणा. ऑफिसात हे नाव पडलं ते त्यामुळेच. फोनही त्याच पायी साधा बटणांचा. तर त्या सकाळी लॅपटॉपमध्ये एक बंदिस्त फाइल सापडली. बुवांनी ती उडवली आणि वायफायनं तिथल्या तिथे मान टाकली. वायफाय-कार्ड ज्याच्यावर चालतं तो ड्रायव्हर, म्हणजे तीच फाइल होती.

अकराला बायकोची मुलाखत होती. चार वर्षं घरी बसल्यावरची पहिली, आणि याच लॅपटॉपवर, कारण तिचा फोन दुरुस्तीला गेला होता.

"परत घाल तो," ती म्हणाली.

"नेटवरून उतरवावा लागेल."

"मग उतरव की."

"नेट नाही ना."

"तत्त्वं तुझी आणि उपास मला, होय रे?"

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेनड्राइव्ह घेऊन ते वरच्या मजल्यावर धावले. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. दुखरी दाढ काढायची वेळ ठरवून बुवांनी त्यांना तीनदा गुंगारा दिला होता.

"आलात एकदाचे. बसा."

"बाई, मला फक्त एक फाइल..."

"फाइल माझी मदतनीस उतरवेल. तोवर दाढ. नाहीतर दोन्ही नाही."

अडला हरी, दुसरं काय. दहाला इंजेक्शन, पावणेअकराला दाढ बाहेर.

तोंडात कापसाचा बोळा धरून बुवा खाली आले. अकराला दोन मिनिटं असताना वायफाय लागलं.

"हा बंदिस्तच ना रे?" बायकोनं विचारलं.

"हं."

"चालेल तुला?"

बुवांना यावर पाऊण तास तरी बोलायचं होतं. पण बोळा होता. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि ते दाराबाहेर जाऊन बसले. आत तिचा आवाज आधी कापरा होता, मग खणखणीत झाला. त्यांना फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी कार्ड बनवणाऱ्यांना पत्र धाडलं, की बाबांनो, कोड खुला करा. 'पुढच्या कार्डासाठी विचार करतो,' असं उत्तरही आलं.

पंधरा दिवसांनी बायकोला नोकरी लागली आणि कंपनीचा लॅपटॉप घरी आला. बुवांनी तो उघडला. आत सगळं मुक्त सॉफ्टवेअर!

"बघ, मी काय म्हणत होतो!"

"आणि वायफाय कशावर चालतंय?"

बुवांनी आत डोकावून पाहिलं. तसलाच बंदिस्त ड्रायव्हर! मग कुणी न सांगता ते चहा टाकायला उठले.