घर का, घर से

अंशुमनला पोलिसांचा दाखला हवा होता, आणि तोही लवकर. वृंदाशी त्याचं लग्न ठरलेलं, पण ती शिकायला युरोपात. घरून काम करणाऱ्यांना तिथे वर्षभर राहायला मिळणार होतं. नोकरी दुसऱ्या देशातली हवी, पगार बरा हवा आणि पोलिसांचं मत चांगलं हवं, एवढंच. अंशुमन अमेरिकेतल्या कंपनीचं काम नोएडातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून करायचा, म्हणजे दाखला तेवढा उरला होता.

चौकशीला हवालदार आला तेव्हा तो नेमका मीटिंगमध्ये होता. दार वडिलांनी उघडलं. नरसिंहरावांची सगळी नोकरी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून झालेली. आपल्या हिंदीपुढे दिल्लीवालेही पाणी भरतात, अशी त्यांची पक्की समजूत. बायको हिंदीत तोंड उघडू लागली की ते मध्येच थांबवत. आताही "तू राहू दे" म्हणत त्यांनी हेमलताबाईंना चहाला पिटाळलं.

"लड़का दफ़्तर नहीं जाता?" हवालदाराने विचारलं.

"नहीं जी, घर का काम करता है." डोक्यात 'घरून' होतं, तोंडातून 'घर का' आलं.

"किसके यहाँ?"

"अमेरिकावालों के. रात-रात भर करता है बेचारा. तनख़्वाह डॉलर में."

हवालदाराने बंद दाराकडे आदराने पाहिलं. आपला धाकटा भाऊ गावी रिकामाच बसलाय, अशी जागा आणखी असेल तर सांगा, असं तो चहा पिताना म्हणाला. नरसिंहराव म्हणाले, जरूर, पण इंग्रजी लागेल.

अहवालात आलं, 'अमेरिकी परिवार में घरेलू कार्य'. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी तो कंपनीच्या पत्राशेजारी ठेवला आणि कागद परत केले. घरकामगारांचे नियम वेगळे आहेत, आधी हे निस्तरून आणा, म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही मला अमेरिकेत भांडी घासायला बसवलंत."

"मी शुद्ध हिंदीत सांगितलं होतं," नरसिंहराव म्हणाले.

वृंदा फोनवर आधी पोट धरून हसली, मग तारखा मोजू लागली. पुढची परीक्षा सुरू व्हायच्या आत तो पोचला नाही, तर लग्न आणखी वर्षभर लांबणार होतं. अंशुमनला रडू यायचं बाकी राहिलं. चौकीत हेलपाटे घालून त्याने फेरचौकशी मागून घेतली.

हवालदार पुन्हा आला. या वेळी हेमलताबाई पुढे झाल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या."

"भाईसाहब, बेटा घर का काम नहीं करता. घर से काम करता है. कंप्यूटर पर."

हवालदार जरा खट्टू झाला, भावाची नोकरी गेली होती. पण त्याने मुकाट्याने दुरुस्ती केली. जाता जाता सहज कोपऱ्यातल्या खुर्चीकडे मान करून विचारलं, "और साहब?"

"ये?" हेमलताबाई एकही अक्षर न चुकता म्हणाल्या, "ये न घर से करते हैं, न घर का."

व्हिसा आला, अंशुमन गेला. त्याला विमानतळावर सोडून आल्यावर घर फारच शांत वाटत होतं. चहा झाला. नरसिंहराव उठले, दोघांचे कप उचलून सिंककडे गेले आणि नळ सोडला. हेमलताबाई बघतच राहिल्या.

"आता कुणी विचारलं," ते पाठमोरेच म्हणाले, "तर 'घर का' सांग."