चार बोटं वर

“अहो, मी नसले तरी भिंतीकडे तोंड करून एकट्याने जेवायचं नाही. ताटाला ताट लागलं पाहिजे. कळलं?”

“कळलं.”

“कळलं नको. करीन म्हणा.”

“करीन बाई, करीन!”

शिट्टीमास्तरांनी बायकोला हा शब्द दिला, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि मास्तरांना वाटलं होतं, आजारी माणूस काहीतरी बोलतंय. पण ती उगाच बोलणारी बाई नव्हती. ती गेली, आणि शब्द मास्तरांच्या गळ्यात राहिला. अगदी शिट्टीसारखा!

मास्तरांनी तो पाळायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ते संध्याकाळचं ताट रेडिओसमोर मांडू लागले. बातम्या सांगणारी बाई आवाजावरून फार सज्जन वाटायची. ती म्हणायची, “नमस्कार.” मास्तर म्हणायचे, “नमस्कार, बसा.” तिकडे कुठे पूर आला की मास्तर इकडे चुकचुकत, सरकार बदललं की “बघू या आता,” म्हणत भात कालवत. आता रेडिओ भिंतीला टेकूनच ठेवलेला होता, म्हणजे तोंड भिंतीकडेच होत होतं. पण ही बारीकशी अडचण मास्तर बायकोच्या फोटोपाशी काढत नसत.

जिवंत माणसांशी त्यांचं बोलणं व्हायचं ते फक्त सरावाच्या वेळी. बटणांच्या कारखान्यातल्या बायकांचा व्हॉलीबॉलचा संघ होता, आणि मास्तर त्याचे प्रशिक्षक. स्वतः इतके बुटके, की टोपी न काढता नेटखालून आरपार जात! पण शिट्टी वाजली की सहा फुटी खेळाडूही दचकायची. पॅकिंग खात्यातली कर्णधार इतकी उंच होती की सगळे तिला ‘शिडी’च म्हणत. ती म्हणायची, “सर, तुम्ही ओरडला नाहीत ना, तर दिवस गेल्यासारखा वाटत नाही.” मास्तर वरवर रागवायचे. घरी जाताना मात्र ते वाक्य खिशात घालून न्यायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना व्यवस्थापकसाहेबांनी नव्या मॅडम आणल्या.

मॅडम तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर एक टेम्पोभर लोखंड आलं. दांडे, चकत्या, डंबेल्स. त्यांचं म्हणणं, खांद्यावर वजन घेऊन बैठका मारल्या की मांड्यांत जोर येतो आणि उडी वाढते. मास्तरांचं म्हणणं, उडी वाढवायची तर उड्या मारा! लाकडी खोक्यावरून खाली, खालून पुन्हा खोक्यावर, मध्ये दोरी, शेवटी जिना.

“वजन उचलून माणूस हमाल होतो, खेळाडू नाही!” मास्तर म्हणाले.

“खोक्यांवरून उडून गुडघे जातात, सर,” मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. “भांडू नका! तुलना करू. अर्धा संघ उड्या मारेल, अर्धा वजनं उचलेल. दीड महिन्याने ज्याच्या गटाची उडी जास्त वाढेल, त्याच्याकडे संघ. दुसऱ्याला नारळ!”

“बघाच साहेब,” मास्तर छाती काढून म्हणाले, “माझ्या पोरी छताला हात लावून येतील!”

बोलले खरं, पण त्या संध्याकाळी रेडिओवरची बाई “नमस्कार” म्हणाली तेव्हा मास्तरांनी ताट रेडिओच्या आणखी जवळ ओढलं. नारळ मिळाला तर उद्यापासून दिवसभरात बोलायला हीच एक उरणार होती.

पहिली मोजणी मास्तरांच्या जुन्या पद्धतीने झाली. बोटाला खडू लावायचा, भिंतीशी उभं राहून उडी मारायची, जिथे बोट लागेल ती खूण. हॉलच्या मधोमध नेट होतं. अलीकडची भिंत उडीवाल्यांची, पलीकडची वजनवाल्यांची. मॅडमनी आपल्या बाजूला आधी प्रत्येकीला नुसतं उभं करून हात वर करायला लावला आणि तीही खूण केली.

“सर, तुमच्याही बाजूला करू या ना. नुसत्या उभ्याने हात कुठवर जातो ते?”

मास्तर मोठ्याने हसले. “ते कशाला? दीड महिन्यात माणसाची उंची वाढते का? अहो, भिंत कधी खोटं बोलत नाही!”

मॅडम खडू घेऊन आपल्या भिंतीकडे गेल्या.

मास्तरांच्या बाजूला दिवे चांगले होते, म्हणून उद्घाटनही तिथेच झालं. साहेबांनी पोट सावरत मानाची पहिली उडी मारली आणि खडूच्या खुणेपुढे स्वतःच्या हाताने ‘व्यवस्थापक’ असं लिहिलं. मग हौसेने हिशेबनीसबाई उडाल्या. एका पायाने लंगडणारा आचारीसुद्धा झारा खाली ठेवून उडाला. भिंतीवर सगळ्यांची नावं लागली.

सराव सुरू झाला. आठवडाभरातच उडीवाल्या बायका जिना उतरताना कठडा धरू लागल्या.

“सर, गुडघे बोलतात हो!” शिडी म्हणाली.

“काय बोलतात?”

“तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही!”

मॅडम म्हणाल्या तेच होणार की काय? मास्तर तडक गोदामवाल्या काकांकडे गेले. यंत्रं हादरू नयेत म्हणून त्यांच्याखाली घालतात त्या जाड, टणक रबरी चटया तिथे पडून होत्या. सुट्टीच्या दिवशी मास्तरांनी एकट्याने त्या ओढत आणल्या आणि आपल्या अर्ध्या हॉलभर, पार भिंतीला भिडवून, बाळाला दुपट्यावर निजवावं इतक्या मायेने अंथरल्या. गुडघ्यांची बोलती बंद झाली. मास्तर खूश!

एकदा सरावाआधी ते चेंडू काढायला सामानाच्या खोलीत गेले, तर मॅडम लोखंडी चकत्यांच्या ढिगावर बसून डबा खात होत्या. तोंड भिंतीकडे. तोंडात घास आणि समोर चुना. मास्तर दारातच थबकले, आणि आपण कुणाचं तरी खासगी काही पाहिलं असं वाटून चेंडू न घेताच मागे फिरले. त्या दिवशी संघाने चेंडूशिवाय सराव केला. “कल्पनाशक्ती वाढते!” असं मास्तरांनी ठणकावून सांगितलं.

शेवटी मोजणीचा दिवस उजाडला. आधी मॅडमची बाजू. पोरी उडाल्या. कुणाची उडी बोटभर वाढली होती, कुणाची दोन बोटं. टाळ्या पडल्या.

मग मास्तरांची बाजू. शिडी उडाली आणि सगळ्यांनी आ वासला. जुन्या खुणेच्या कितीतरी वर! दुसरी उडाली, तीही तशीच. एकेकीची उडी चार-चार, पाच-पाच बोटं वाढलेली!

“मास्तर!” साहेब धावतच आले. “हा चमत्कार आहे! थांबा, मीही बघतो.”

“साहेब, तुम्ही व्यायाम केलेला नाही...”

पण साहेब उडाले होते. खाली आले, वर पाहिलं आणि चष्मा पुसला. ‘व्यवस्थापक’ या शब्दाच्या वर चार बोटं नवी खूण!

“मी तर काहीच केलं नाही!”

“तुम्ही खिडकीतून रोज बघत होता ना, साहेब,” हिशेबनीसबाई भारावून म्हणाल्या. “बघण्यातही गुण असतो!” आणि त्याही उडाल्या. चार बोटं. आचाऱ्याला लोकांनी धरून आणला. लंगडत आला, उडाला. चार बोटं!

“म्हणजे हा व्यायाम हवेतून लागतो!” साहेब ओरडले. “सर्दीसारखा! प्रत्येक खात्यात एकेक खोकं ठेवा! ते लोखंड भंगारात काढा! मॅडम, तुमचं काम... म्हणजे, उद्यापासून राहू द्या आता.”

शिडीने मास्तरांना खांद्यावर उचललं. त्या उंचीवरून मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांची डोकी वरून दिसली. आणि एका कोपऱ्यात, वाकून, एकेक चकती पोत्यात भरणाऱ्या मॅडम दिसल्या.

घरी आल्यावर मास्तरांना विजय कुणाला सांगावा ते कळेना. रेडिओ लावला. “नमस्कार,” बाई म्हणाली. “जिंकलो!” मास्तर म्हणाले. बाई कुठल्याशा धरणाबद्दल बोलू लागली. मास्तर फोटोपाशी गेले. फोटो नेहमीसारखाच, थोडं हसू आवरल्यासारखा.

तोंड तरी गोड करावं म्हणून ते साखरेचा डबा काढायला गेले. डबा सगळ्यात वरच्या फळीवर. नवऱ्याने सारखे बकाणे भरू नयेत म्हणून बायकोने तो तिथे ठेवलेला. मास्तरांनी टाचा उंचावल्या. पोचेना. थोडक्यासाठी राहिलं. फळीखाली बायकोची जुनी सतरंजी, घडीवर घडी घालून ठेवलेली होती. बायको त्यांच्याहूनही बुटकी, या घडीवर उभी राहूनच डबे काढायची. तिच्यामागे मास्तरांनी ती घडी हलवली नव्हती आणि तिच्यावर पायही दिला नव्हता. आज म्हणाले, “जरा उभा राहतो हं,” आणि चढले.

हात सहज डब्याला लागला.

मास्तर डबा धरून तसेच उभे राहिले. पायांखाली घडी. हात चार बोटं वर. पायांखाली... चटई!

“अरे देवा,” ते पुटपुटले. भिंत खरं तेच बोलत होती. खोटी ठरली होती ती जमीन!

मनात आलं, कुणाला कळणार आहे? चटया काय जन्मभर तिथेच राहतील. संघही राहील, शिडी रोज काहीतरी टोचून बोलेल, दिवस गेल्यासारखा वाटेल. आणि एक पोरगी पोतं घेऊन निघून जाईल, दुसऱ्या कुठल्यातरी भिंतीकडे तोंड करून डबा खायला.

मास्तर घडीवरून खाली उतरले. साखर काही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत चटया गुंडाळायला घेतल्या.

“मास्तर, हे काय?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, आता उडा.”

साहेब उडाले. बोट बरोबर पहिल्या खुणेवर. “पुन्हा!” पुन्हा उडाले. तिथेच. “बूट जड आहेत!” बूट काढून उडाले. किंचित खालीच!

“चटईची जाडी, साहेब. चार बोटं.”

“म्हणजे माझी उडी?”

“चटईची होती.”

साहेबांचा चेहरा हातातलं खेळणं काढून घेतल्यासारखा झाला. “पण मी काल घरी सांगितलं हो! मेहुण्याला फोन केला!”

शिडी आणि तिच्या गटाची खरी वाढ निघाली जेमतेम बोटभर. पलीकडच्या भिंतीवर मॅडमच्या दोन्ही खुणा नीट, शांत उभ्या होत्या. वजनवाल्याच पुढे होत्या. फार नाही, पण होत्या.

“संघ मॅडमचा!” साहेब रागाने म्हणाले. “आणि मास्तर, तुम्ही...” नारळाचा शब्द ओठांवर आला. तेवढ्यात मॅडम बोलल्या.

“साहेब, चटया असू द्याव्यात. गुडघे वाचले त्यांच्यामुळे. आणि नेटपाशी नेमकी कधी उडी घ्यायची, ते मला शिकवता येत नाही. ते सरांनाच येतं.”

“मग मास्तर आजपासून चटईप्रमुख!” असं फर्मान सोडून साहेब बूट हातात घेऊन निघून गेले.

सगळ्या हसल्या. मास्तरही हसले, थोडे उशिरा. एवढ्या वर्षांची शिट्टी, आणि शेवटी चटईप्रमुख!

“सर,” मॅडम चटईचं एक टोक धरत म्हणाल्या, “गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं.”

“रेडिओवरच्या बाईंना तोंड दाखवायचं होतं मला.”

मॅडमना काही कळलं नाही. पण त्यांनी मान डोलावली आणि टोक सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सकाळीच दोन बटाटे जास्त उकडले. भात डब्यात दाबून भरला, वर झाकणात चिमूटभर साखर घेतली. रेडिओ लावला. बाई “नमस्कार” म्हणायच्या आतच म्हणाले, “आज आमच्यासाठी थांबू नका हं, तुम्ही जेवून घ्या.” आणि बटण बंद केलं.

मग ते फळीखाली वाकले. सतरंजीची घडी उचलून झटकली. लोखंडी चकत्यांवर बसायचं, तर खाली काहीतरी हवंच. आणि मॅडमना आधी भिंतीकडून वळवायचं कसं, काय बोलून सुरुवात करायची, यातलं काहीही त्यांना सुचलेलं नव्हतं. शिट्टी तर वाजवता येणार नव्हती!

फोटोकडे बघून ते हळूच म्हणाले, “चाललोय गं.” एका हातात डबा, काखेत सतरंजी घेतली, आणि दार ओढून निघाले.