टिपणीसांचा विचाराधीन कुत्रा

डिसेंबरच्या धुक्यात मी टिपणीसांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्याजवळ कुत्रा होता. निदान आम्हा सगळ्यांची तशी समजूत होती. यमुनेपलीकडे, नोएडाच्या टोकाला आमची नवी सोसायटी. तीन बाजूंना मोहरीची शेतं, चौथ्या बाजूला बिल्डरांचे अर्धवट सांगाडे. तिथलं धुकं असं, की हात लांब केला तर आपलीच बोटं दिसू नयेत. त्या धुक्यातून सकाळी एक माकडटोपी, एक मफलर आणि त्यांच्यापुढे तिरकी जाणारी एक साखळी दिसायची. साखळीचं टोक धुक्यात असायचं. साखळी ताठ. माणूस मधूनच दिव्याच्या खांबापाशी थांबायचा, पुढच्याला आटपू द्यावं तसा आकाशाकडे बघत उभा राहायचा आणि मग "चला" म्हणून निघायचा.

संक्रांतीनंतर धुकं उठलं. साखळीच्या टोकाला पट्टा होता, पट्ट्यात कोणी नव्हतं.

साखळीतून त्यांनी जाड तार ओवली होती, हे मला नंतर कळलं. "नाहीतर पट्टा लोळतो," ते म्हणाले, "आणि उंचीचा अंदाज येत नाही."

मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. पाण्याचा टँकर, बंद लिफ्ट, झोपणारा चौकीदार हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच आली. खालच्या मजल्यावरच्या मिसेस खुराना दारात उभ्या.

"भाभीजी, मिस्टर टिपनिस के कुत्ते का कुछ कीजिए."

"कौन सा कुत्ता?"

"वही, जो नहीं है!"

त्यांचं म्हणणं असं, की नसलेल्या कुत्र्यामुळे त्यांचा मुलगा खाली खेळायला जात नाही. शिवाय टिपणीस त्यांच्याशी उद्धटपणे वागतात. काल बागेत त्यांच्याकडे बघून ओरडले, "यू! यू! यू!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो, हमारी मराठी में कुत्ते को ऐसे ही बुलाते हैं. यू यू."

मिसेस खुरानांचा चेहरा पडला. "मतलब, मुझे कुत्ता बोला?"

त्यांना समजावून मी सातव्या मजल्यावर गेले.

टिपणीस केंद्र सरकारात अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर लोकांची लायसन्सं अडवली, आणि देशात सगळं खुलं झाल्यावर एका परदेशी कंपनीने त्यांना नोकरीला ठेवलं, लायसन्सं कशी सुटतात हे सांगायला. सकाळी कंपनीची गाडी येई, संध्याकाळी सोडून जाई. नाव टिपणीस, आणि स्वभावानेही टिपणीस. कुठलीही गोष्ट ते सरळ करत नसत. ती आधी विचाराधीन असे. भाजीत भोपळा की दोडका हेसुद्धा.

"बसा वहिनी. कुत्र्याबद्दल आलात ना? कुत्रा विचाराधीन आहे."

"मग साखळीला काय बांधता?"

"ती ट्रायल आहे. एक आठवडा अल्सेशियन, एक आठवडा पामेरियन. अनुभव घेतल्याशिवाय मत देणं बरं नाही. या आठवड्यात अल्सेशियन आहे. तुम्ही जरा इकडून बसा."

मी इकडून बसले. आजही मला सांगता येणार नाही का.

दोन्ही जातींचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. कुणाचे दात किती लांब, कुणाचा जबडा किती उघडतो, कोण आधी गुरगुरतो आणि कोण न सांगताच धरतो. मत तर त्यांनी सगळ्यांचं घेतलं होतं. चौकीदाराला विचारलं, "भैया, घर के लिए कौन सी जात ठीक रहेगी?" तर तो छाती काढून म्हणाला, "साहब, हम तो ठाकुर हैं." भिंतीवरचा दत्ताचा फोटो उतरवून त्यातले चारही कुत्रे भिंगातून पाहून झाले होते. "शेपट्या वळलेल्या, कान मोडलेले. ना अल्सेशियन, ना पामेरियन," ते म्हणाले. "महाराजांनी विषय खुला ठेवलाय."

इतक्यात त्यांच्या बायको, इंदूताई, चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवला आणि परत जाताना टीपॉयला वळसा घातला. टीपॉयच्या त्या बाजूला काहीही नव्हतं.

गंमत इथे संपत होती. कुत्रा हवा होता तो इंदूताईंना. जन्म सरकारी क्वार्टरमध्ये गेलेला. शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून भात उतरवायचा, अशी वस्ती. इथे सातव्या मजल्यावर यांचं एकच बिऱ्हाड. वरचा मजला पूर्ण रिकामा, कारण मालक दुबईत. दिवसभर वारा रिकाम्या फ्लॅटांतून शीळ घालत फिरतो. हिवाळ्यात पाच वाजल्यापासून अंधारून येतं, त्यात वीज जाते.

"आणि वीज गेली की वर कोणीतरी चालतं," इंदूताई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "मी यांना सांगितलंय. होळीपर्यंत घरात कुत्रा आला तर ठीक. नाहीतर मी इंदूरला दादाकडे जाणार. आणि परत यायची नाही. रागाने नाही हो सांगत. मला इथे राहवतच नाही."

"टिपणीस साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? विचाराधीन." मग त्यांनी गॅस बारीक केला आणि आवाजही. "एक सांगू? अल्सेशियनच्या आठवड्यात वर कोणी चालत नाही. पामेरियनच्या आठवड्यात चालतं."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वेळही नाही. मी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि वरचा फ्लॅट उघडून पाहिला. खिडक्यांना काचा नव्हत्या. एका चौकटीला बांधलेलं प्लास्टिक वाऱ्याने थाड थाड आपटत होतं. झालं तुमचं चालणं. मी ते कापून टाकलं. निघताना खाली बघितलं, तर सिमेंटच्या कोब्यात पावलं उमटलेली. कुत्र्यांची. एक मोठी, एक लहान, शेजारी शेजारी, हॉलमधून बाल्कनीपर्यंत गेलेली. परत आलेली नव्हती. सिमेंट ओलं असताना मजुरांची कुत्री फिरली असतील, आणि परतीच्या पावलांवर गवंड्याने थापी मारली असेल. मी कुलूप लावलं. खाली या दोघांना फक्त प्लास्टिकचं सांगितलं.

प्लास्टिक गेलं, पण चालणं थांबलं नाही, असं इंदूताई म्हणाल्या.

एक मात्र मी स्वतः पाहिलं. आमच्या फाटकाबाहेर बांधकामावरच्या भटक्या कुत्र्यांची टोळी असे. कोणीही बाहेर पडला की अंगावर येत. टिपणीस साखळी घेऊन निघाले की ती गप्प होत. शेपट्या पायात घालून उठत आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसत. टिपणीसांकडे ती बघत नसत. त्यांच्या डाव्या गुडघ्याशेजारी बघत. मी म्हटलं, साखळीचा आवाज. मार खाल्लेली कुत्री साखळीला भितातच.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी वीज गेली आणि मी जिन्याने वर चढत होते. टॉर्चची बॅटरी संपलेली. वरून साखळी वाजत आली. मी भिंतीला टेकून वाट दिली. काहीतरी माझ्या निऱ्यांना घासून खाली गेलं आणि मागाहून टिपणीस आले.

"वहिनी का? घाबरू नका, पामेरियनच आहे."

मी म्हटलं, "साहेब, तुमची ती तार बोचेल कुणाला तरी अंधारात."

"तार?" ते म्हणाले. "तार केव्हाच मोडली. आता नुसती साखळी."

अंधारात साखळी ताठ होती की सैल, ते मला दिसलं नाही. आवाज मात्र त्यांच्या पुढून येत होता. घरी जाऊन पाहिलं तर माझ्या निऱ्या ओल्या होत्या. जिन्यातली पाण्याची टाकी गळते, हे मीच मीटिंगमध्ये दोनदा मांडलेलं होतं.

त्या रात्री मी ठरवलं की हा विषय निकालात काढायचा. होळी तोंडावर आली होती. इंदूताईंनी इंदूरचं तिकीट काढल्याचं मला कळलं होतं. शनिवारी मी टिपणीसांना सांगितलं, "उद्या करोल बागेत जायचं. तिथे माझ्या ओळखीचे सरदारजी आहेत, त्यांच्याकडे दोन्ही जातींची पिल्लं आहेत. एक घेऊनच परत यायचं."

"प्रथमदर्शनी घाई वाटते."

"वाटू दे."

सरदारजींच्या गच्चीवर दोन टोपल्या होत्या. एकीत पांढरे कापसाचे गोळे, म्हणजे पामेरियन. दुसरीत काळी-तपकिरी, मोठ्या पंजांची, अल्सेशियनची. टिपणीस जिन्याच्या दारातच उभे राहिले. सरदारजींनी कौतुकाने एक कापसाचा गोळा उचलला आणि त्यांच्या पायाशी सोडला. "लो जी, खेलो!"

माझ्या दंडाला कोणीतरी करकचून धरलं. वळून बघते तर टिपणीस. चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर घाम. पिल्लू त्यांच्या बुटाची नाडी चघळत होतं. त्याला नीट दातही आलेले नव्हते.

"वहिनी, याला घ्या," ते ओठ न हलवता म्हणाले. मी घेतलं.

"साहेब, तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटते?"

"कळायला लागल्यापासून. घरी माहीत नाही. लग्नानंतर एकदा रस्त्यात कुत्रं अंगावर आलं, तेव्हा ही माझ्या मागे लपली. आता मी कुणाच्या मागे लपणार? तसाच उभा राहिलो. कुत्रं निघून गेलं. तेव्हापासून हिला वाटतं की मी शूर आहे." ते टोपल्यांकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "मी म्हटलं, आधी नसलेल्या कुत्र्याची सवय करावी, मग असलेल्याची होईल. नसलेल्याची झाली हो. अगदी छान झाली. पण हा हलतो!"

मी व्यवहारी बाई आहे. म्हटलं, "मग पामेरियन घ्या. मूठभर जीव आहे. चार दिवसांत सवय होईल तुम्हाला."

ते बराच वेळ माझ्या हातातल्या गोळ्याकडे बघत राहिले. ऑफिसात शेवटची सही करण्याआधी बघत असतील, तसे.

"पामेरियन मला झेपेल," ते म्हणाले. "पण वर पावलं वाजली तर हा पलंगाखाली जाईल, आणि ती एकटी पलंगावर. हा माझ्या सोयीचा झाला, वहिनी. कुत्रा माझ्यासाठी घ्यायचा नाहीये." मग सरदारजींकडे वळून त्यांनी घसा साफ केला. "वो वाला. बड़े पंजे वाला."

ऑटोरिक्षात त्यांनी पिल्लू मांडीवर घेतलं. दोन्ही हातांनी, पाटावर गणपती आणताना धरतात तसं. डोळे समोर, पाठ ताठ. यमुनेच्या पुलावर गारठा होता, तरी त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"द्या इकडे, मी धरते थोडा वेळ."

"नको. एकदा हात सोडला तर परत धरवणार नाही."

पिल्लाने त्यांच्या पँटीवर आपलं काम उरकलं आणि झोपून गेलं. टिपणीस हलले नाहीत.

सोसायटीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दिवे गेले होते. लिफ्ट बंद. जिना चढताना ते पुढे, मी मागे. पाचव्या मजल्यावर पिल्लू जागं झालं. त्याने मान बाहेर काढली आणि टिपणीसांच्या डाव्या गुडघ्याशेजारच्या रिकाम्या पायरीकडे बघून बारीक गुरगुरलं. पायरी पायरीने त्याची नजर आमच्याबरोबर वर येत होती. सहाव्या मजल्याच्या वळणावर ती आमच्यापासून सुटली, एकटीच वर जाताना दिसली, जिन्याच्या अंधारात, पार वरच्या मजल्यापर्यंत. मग पिल्लू गप्प झालं. दमलं असेल.

इंदूताईंनी मेणबत्ती घेऊन दार उघडलं. त्यांनी पिल्लू पाहिलं. ओली पँट पाहिली. मग मेणबत्ती वर करून नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि पिल्लू घ्यायचं विसरून तशाच बघत राहिल्या. टिपणीसांनी ताठ हातांनी पिल्लू पुढे केलं.

"घे," ते म्हणाले. "अल्सेशियन."

"अहो, पण तुम्हाला तर कुत्र्याची..." इंदूताई बोलून गेल्या. "पहिल्यापासून..."

"हळू बोल," टिपणीस कुजबुजले. "त्याला अजून कळलेलं नाही."